उलटे चिकटवलेले कागद

शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी एका तरुण शिक्षिकेने मला रंगांचा मोठा डबा भेट दिला. म्हणाली, "बाई, आता वेळच वेळ आहे, पुन्हा चित्रं सुरू करा." मी थँक्यू म्हटलं, घरी आले आणि डबा दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकला. कोणी विचारलं तर मी डोळ्यांचं कारण पुढे करते. खरं म्हणजे डोळ्यांना काहीही झालेलं नाही. मी चित्रं थांबवली ती एका माणसामुळे, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता. दोष सगळा माझा. नवऱ्याखेरीज हे कोणाला माहीत नाही, आणि आम्हा दोघांतही त्याबद्दल बोलणं केव्हाच बंद झालं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नेरुळला नवे होतो. दोन खोल्या, तिसरा मजला, सोसायटीला अजून कंपाउंडही नव्हतं. नवरा रबाळ्याला एका कारखान्यात होता, मी मराठी शाळेत चित्रकला शिकवत होते. मुंबईच्या कला महाविद्यालयातून जाहिरातकलेचा डिप्लोमा घेतलेली मी, आंबा, कलश आणि 'माझा आवडता सण' तपासण्यात आयुष्य घालवणार होते, आणि त्याचा मला राग होता. तेव्हा मला कशाचाही पटकन राग यायचा. शेजारणींचा, मुख्याध्यापकांचा, नवऱ्याच्या शांतपणाचा.

रंग आणि कॅनव्हास घेऊन बसावं असं वाटेना. माझी नजर गेली ती भिंतींवर. नव्या शहरात माणसं पुरेशी यायच्या आधीच भिंती आल्या होत्या, आणि भिंत दिसली की तिच्यावर कागद यायचाच. सर्कस, कॉम्प्युटर क्लास, मूळव्याधीवर हमखास इलाज, फर्निचरचा सेल, नाटकाचा प्रयोग, इंग्रजी बोला साठ दिवसांत. एकावर एक, एकावर एक. महिना दोन महिन्यांत त्याची बोटभर जाडीची सालपटं व्हायची आणि स्वतःच्याच वजनाने भिंतीपासून सुटायला लागायची. असं एक सालपट मी सहज म्हणून ओढलं. ते फाटलं तिथे खालचा गुलाबी, त्याखालचा निळा, त्याखाली कोणाच्या तरी गालाचा तुकडा असं सगळं एकदम बाहेर आलं. इतकं चांगलं चित्र मी चार वर्षांत कॉलेजात काढलं नव्हतं. भर रस्त्यात मला रडू आलं, हे मी लपवणार नाही.

मग वेडच लागलं. रंगारी भिंतीला पुट्टी लावतात ती पत्र्याची पट्टी आणि गोणपाटाची पिशवी घेऊन मी शाळा सुटल्यावर भिंती हिंडायला लागले. घरी आणून ती सालपटं आंघोळीच्या टबात भिजवायची, थर सुटायला लागले की जेवणाच्या सुरीने अलगद वेगळे करायचे, गॅलरीत दोरीवर वाळत घालायचे, आणि मग प्लायवूडवर चिकटवायचे. सोसायटीत माझं नाव 'रद्दीवाली बाई' पडलं होतं. समोरची तर मुलांना सांगायची, त्या बाईंच्या टबात मेलेली माणसं असतात. तिच्या मुलाला एकदा टबात नटीचा चेहरा तरंगताना दिसला होता म्हणून.

चिकटवण्याची माझी एक रीत होती, ती सांगायला हवी. कॉलेजात अक्षरलेखन शिकवणारे आमचे एक सर होते. ते कागद उलटा धरायला लावायचे. डोकं खाली, पाय वर. म्हणायचे, वाचायला लागलात की बघणं संपलं, अक्षर म्हणजे आधी आकार. मी ते इतकं मनावर घेतलं की माझ्या प्रत्येक चित्रातला प्रत्येक कागद मी उलटा लावायचे. टबातून काढतानाच उलटा. दोरीवरही उलटा. सवय इतकी झाली की मराठीचा छापील कागद समोर आला तरी मला त्यात शब्द दिसायचे नाहीत. काळं किती, पांढरं किती, ओळी दाट की विरळ, एवढंच दिसायचं. मला त्याचा अभिमान होता. साधी माणसं वाचतात, आपण बघतो, असं मला वाटायचं.

सारसोळ्याला गावात शिरताना एक मिठाचं जुनं गोदाम होतं, बंद पडलेलं. त्याची रस्त्याकडची भिंत लांबलचक, आणि बसस्टॉप समोरच, त्यामुळे कागद लावणाऱ्यांची ती लाडकी भिंत होती. तिथे मी पहिल्यांदा पकडले गेले.

"ओ बाई! काय करताव? ह्यो मी कालच लावलाय!"

वळून पाहिलं तर सायकलला बादली लटकवलेला, पंचेचाळिशीचा एक माणूस. हाफ पँट, अंगात बनियन, कोपरापर्यंत हिरवट झालेले हात. पोस्टर लावणारा. गावातलाच, बाप मिठागरात आणि खाडीत राबलेला. जमिनी शहरासाठी गेल्यावर हा आधी हमाली करायचा आणि मग कागद लावायला लागला. मी त्याला म्हटलं, भिंत काय तुमच्या मालकीची आहे? तो म्हणाला, भिंत नाय, पन कागद हाय. सर्कसवाले उद्या येऊन बघतील, कागद नसला तर मला काय बोलतील? त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी तावातावाने पिशवी उघडून त्याला आतली सालपटं दाखवली. हे मी चित्रासाठी नेते, म्हटलं. त्याने एक सालपट हातात घेतलं आणि कडेने मोजायला लागला.

"नऊ कागद. वरचा क्लासवाला, मंग सेल, मंग नाटक... ह्यो सगल्यात खालचा गनपतीच्या वक्ताचा हाय. मीच लावलेला." आणि तो हसला. "हे तुमी घरात लावताव?"

त्या दिवसापासून आमचा करार झाला. जुनं झालेलं, पिकलेलं सालपट तो हेरून ठेवायचा आणि त्यावर कोळशाने फुली मारायचा. फुली असेल तेच मी काढायचं. फुली नसेल त्याला हात लावायचा नाही. हे त्याने माझ्याकडून शाळेच्या मुलीसारखं वदवून घेतलं.

मी त्याला दादा म्हणायचे, तो मला बाई. त्याला लिहिता वाचता येत नव्हतं. रंगावरून, चेहऱ्यावरून, कागदाच्या आकारावरून त्याला कुठलं पोस्टर कशाचं ते कळायचं. खळ तो घरी मैद्याची शिजवायचा आणि तिच्यात मोरचूद घालायचा, म्हणजे बकऱ्या कागद खात नाहीत. हात हिरवे त्याच्यामुळेच. त्याचा एक नियम होता. शिक्का मारलेल्या कागदावर तो कधीही खळ लावत नसे.

"देवाच्या फोटोवर आनि सरकारच्या शिक्क्यावर नाय लावायची. देव चुकून सोडंल, शिक्का नाय सोडनार."

कधी सुट्टीच्या दिवशी तो वर घरी यायचा. जमिनीवर बसून चहा प्यायचा आणि माझी चित्रं बघायचा. सगळे कागद उलटे, फाटलेले, एकमेकांत घुसलेले, तरी तो बोट ठेवून ओळखायचा, ह्यो कोपरखैरण्याचा, ह्यो आपल्या गोदामाचा. माझी चित्रं इतक्या नीट त्याच्याआधी कोणी पाहिली नव्हती आणि त्याच्यानंतरही नाही.

दुसऱ्या वर्षी मी एका मोठ्या प्रदर्शनाला चित्र पाठवायचं ठरवलं. चार फूट बाय तीन फूट प्लायवूड. गोदामाच्या भिंतीचं चित्र, त्या भिंतीवरच्याच कागदांचं. सप्टेंबर उजाडला आणि प्रवेशाची मुदत जवळ आली. चित्र जवळजवळ झालं होतं, पण मधोमध काहीतरी कमी होतं. सगळीकडे भडक रंग आणि मध्ये डोळ्याला टेकायला जागा नाही. मला एक शांत करडा हवा होता. टबातल्या कशातच तो सापडेना. मी चिडचिड करत होते, नवऱ्याशी बोलत नव्हते, मुलांना वर्गात विनाकारण उभं करत होते.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी गोदामाकडे गेले. आदल्या रात्रीपासून पाऊस पडत होता, भिंत ओलीचिंब. दादा बहिणीकडे उरणला गेला होता, आठवडाभर येणार नव्हता. भिंतीवर नवी फुली कुठेच नव्हती. मी परत फिरणारच होते, तेवढ्यात कोपऱ्यात मला तो कागद दिसला. पांढरा, सायक्लोस्टाइल केलेला, ओळीच ओळी, दाट, आणि पावसाने शाई थोडी पसरून त्याचा धुरकट करडा झालेला. खालच्या बाजूला एक जांभळा डाग. ताजाच लावलेला असावा, कारण हात लावताच खालच्या सालपटासकट तो सुटून हातात आला.

मी आजूबाजूला पाहिलं का? पाहिलं. म्हणजे आपण करार मोडतोय हे मला माहीत होतं. एवढंच वाटलं, की एकदाच, आणि त्याचा कागद तर नाही हा. कोणाचा आहे हा प्रश्न मला पडला नाही. त्यावर काय आहे हा प्रश्न तर मुळीच नाही.

रात्री मी तो उलटा लावला, मधोमध, डाव्या बाजूला एक पिवळी पट्टी ओढून. चित्र झालं. मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं. तो म्हणाला, छान आहे. तो नेहमीच छान म्हणायचा, पण त्या दिवशी ते खरं होतं.

चित्र पाठवायच्या आदल्या दिवशी दादा आला. गुडघ्यांवर बसून त्याने पूर्ण भिंत पुन्हा वाचली, म्हणजे त्याच्या पद्धतीने. ही सर्कस. हे इंग्रजीवाले. ह्यो सेल, खोटारडे साले, तीन वर्सं सेलच चाललाय. बोट मधल्या करड्यावरून न थांबता पुढे गेलं. तो कागद त्याच्या हातचा नव्हता, त्यामुळे त्याला त्यात ओळखण्यासारखं काही नव्हतं. "गावाची भिंत मुंबईला चालली," तो म्हणाला आणि जाताना चित्राला नमस्कार केला.

चित्र निवडलं गेलं. आठवडाभर मुंबईत टांगलं होतं. एका वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल दोन ओळी आल्या, की अक्षरांना अर्थाच्या ओझ्यातून मोकळं केलंय म्हणून. मी ते कात्रण शाळेत फलकावर लावलं. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता, आणि तो आनंद आठवला की आता अंगावर काटा येतो.

पुढच्या उन्हाळ्यात दादा एका दुपारी आला तो सायकल न घेता. दारातच उभा राहिला.

"बाई, तुमी शिकलेल्या हाव. माज्याबरोबर हापिसात येशाल?"

हकिकत अशी होती. मिठागराला लागून त्यांच्या आजोबांची भातजमीन होती, ती शहरासाठी गेली होती. तिच्या बदल्यात एक भूखंड मिळायचा होता. वर्षानुवर्षं कागदपत्रं फिरत होती. आता यादी पक्की झाली, आणि आजोबांच्या नावापुढे वारस म्हणून फक्त चुलत्याच्या घरातली नावं होती. याच्या बापाचं नाही, याचं नाही, याच्या दोन भावांचं नाही. चुलतभाऊ म्हणाला, मी काय करू, कच्ची यादी निघाली होती, ज्याचं नाव नाही त्याने हरकत घ्यायची होती, तुम्ही घेतली नाही.

आम्ही गेलो. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने फाइल काढली, शांतपणे पानं उलटली. कच्च्या यादीची नोटीस गावात दर्शनी जागी डकवली होती, म्हणाला, तीस दिवसांत हरकत घ्यायची होती. पंचनामा आहे, दोन पंचांच्या सह्या आहेत. जागा, मिठाच्या गोदामाची भिंत.

"साहेब, त्या भिंतीवर मी रोज असतो," दादा म्हणाला. "तिथं नोटीस नव्हती. शिक्का असता त मी वलखला असता. नव्हती."

कारकुनाने चष्म्यावरून त्याच्या हातांकडे पाहिलं. "तुम्ही पोस्टरं लावता ना? मग तुमच्याच पोस्टरखाली गेली असेल."

दादाने हिरवे हात मागे घेतले. मी पंचनाम्यावरची तारीख पाहत होते. शुक्रवार होता. कोणता शुक्रवार ते मला कळलं, कारण दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मी चित्र पूर्ण केलं होतं आणि चित्रामागे तारीख घातली होती.

बसमधून उतरून मी थेट घरी आले.

चित्र प्रदर्शनातून परत आलं होतं, पलंगामागे भिंतीला टेकून ठेवलेलं. मी ते ओढून बाहेर काढलं आणि उलटं उभं केलं. आठ महिन्यांत हे मी एकदाही केलं नव्हतं. सगळी भिंत बोलायला लागली. साठ दिवसांत इंग्रजी. शेवटचे तीन खेळ. आणि मधोमध, गावाचं नाव, जमीन कोणाची, वारस कोण. पाचव्या ओळीत दादाच्या आजोबांचं नाव, पुढे चुलत्याच्या घरातली नावं. खाली हरकतीची मुदत. जांभळा डाग म्हणजे शिक्का होता, अर्धा माझ्या पिवळ्या पट्टीखाली गेलेला.

ती नोटीस भिंतीवर एक रात्र होती. तीस दिवस नाही, एक रात्र, आणि तीही पावसाची. दादा उरणहून यायच्या आत ती माझ्या टबात होती. तो परत आला असता, शिक्का बघितला असता, कोणाकडून तरी वाचून घेतला असता. त्याला सरकारी कागदाची इतकी धास्ती होती की त्याने नक्की वाचून घेतला असता. माझ्याकडेच आणला असता कदाचित.

नवरा पाळीवरून आला तेव्हा मी फरशीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. तो कपडेही न बदलता ऐकत राहिला. मी म्हटलं, मी उद्या ऑफिसात जाते आणि लेखी देते की मी फाडली, नोटीस तीस दिवस भिंतीवर नव्हतीच. म्हणजे यांची हरकत आता तरी घ्यावी लागेल.

त्याने पायातले बूट काढले. मग म्हणाला, "घेतीलच असं नाही. पण सरकारी नोटीस फाडली असं तू लिहून दिलंस, तर तुझी नोकरी राहील का? शाळा अनुदानित आहे." आणि थोड्या वेळाने, "मी तुला जाऊ नको म्हणत नाही."

त्याने जाऊ नको म्हटलं असतं तर मी भांडून गेले असते. माझा स्वभाव तसा होता. पण त्याने सगळं माझ्यावर सोडलं, आणि तेव्हा मला कळलं की माझा सगळा राग हा फक्त आवाज होता. मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले नाही. घराचे हप्ते, शाळेतली नावं ठेवणारी तोंडं, वर्तमानपत्रातल्या त्या दोन ओळी, सगळं मी स्वतःला मोजून दाखवलं. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज मधल्या सुट्टीपर्यंत ते विरून जायचं. भीती होती, बाकी काही नाही. तिला दुसरं नाव द्यायचा प्रयत्न मी बरीच वर्षं केला.

इकडे गावात वेगळंच सुरू झालं होतं. कारकुनाचं वाक्य दादाच्या भावांपर्यंत पोचलं. दोघे धाकटे, एक खाडीत जायचा, एक रिक्षा चालवायचा. रोज भिंतीवर तू, कागदावर कागद लावणारा तू, मग नोटीस झाकली कोणी? त्यांनी त्याच्याशी जेवणखाण तोडलं. मी बाजारात त्याला पाहिलं तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडे होता आणि मला पाहून त्याने अलीकडे येऊ नये एवढीच माझी इच्छा होती. तोच आला.

"बाई, मी इचार करतोय. उरनवरनं आलो तवा पाऊस व्हता. घाई व्हती. सेलवाल्याचे साठ कागद लावायचे व्हते. एखादा शिक्का दिसला नसंल."

"तुम्ही शिक्क्यावर कधीच लावत नाही दादा."

"नाय लावत. पन दिसलाच नसंल त?"

त्याच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते सांगता येत नाही. त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. माणसाने केलेलं नाही ते त्याला आठवायला लागलं होतं. पुढच्या खेपेला तर तो म्हणाला, की त्याला आता आठवतंय, ब्रश फिरवताना खाली काहीतरी जांभळं होतं.

मी त्या रात्री ते चित्र टबात घातलं. वाटलं, नोटीस सोडवून काढू, निदान कागद तरी हातात असेल. चार फुटांचं प्लायवूड टबात बसेना, मी त्यावर मगाने पाणी ओतत राहिले. सायक्लोस्टाइलची शाई आधीच फुटलेली होती. बोटांखाली सगळं लगदा झालं. सकाळी नवऱ्याने काही न विचारता तो लगदा बादलीत भरून नेला.

आणि मग तो रविवार. नवरा पाळीवर होता. दादा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. पाणी मागितलं, प्यायला, आणि म्हणाला, "एक कागद लिवून पायजे. भाऊ बोलतात, लेखी दे. माज्या हातनं नोटीस झाकली गेली, म्हनून त्यांचा वाटा गेला. त्याच्या बदली घरातला माजा हिस्सा मी त्यांच्या नावानं सोडतो. असं."

"आणि तुम्ही कुठे राहणार?"

"बायकोच्या माहेरी एक खोली हाय. बगू."

मी म्हटलं, "दादा, असं लिहून देऊ नका. तुम्ही झाकली नसेल नोटीस."

त्याने मान वर केली. पहिल्यांदाच त्या दोन महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. खूप आशेने त्याने विचारलं, "मंग कोनी, बाई?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. नुसतं तोंड उघडायचं होतं. मला शब्द तयार होते, दोन महिने मी ते रोज तयार करत होते.

मी पेन शोधायला उठले.

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. चित्रकलेच्या शिक्षिकेचं सुबक अक्षर, समास सोडून, तारीख घालून. झाल्यावर त्याने वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "एक ऱ्हायलं. लिवा, की यात दुसऱ्या कोनाचा हात नाय. भाऊ उगाच कोनाचं तरी नाव घेतील."

मी लिहिलं.

घरात स्टॅम्पपॅड नव्हतं. शाळेची काळी शाई होती. मी ब्रश शाईत बुडवला आणि त्याच्या अंगठ्यावर फिरवला, नखाच्या कडेपर्यंत, नीट, कुठे कोरडं राहू नये म्हणून दोनदा. मोरचुदाचा हिरवा रंग त्याच्या रेघांत कायमचा बसला होता, त्यावर शाई धरत नव्हती. तो म्हणाला, "तुमीच दाबा बाई, मी हलवला त फिसकटंल." मी त्याचा अंगठा धरला आणि कागदावर दाबला.